उजव्या कमरेचे हाड

राजापेठ, अमरावती
२८ मे २०२४

ती. शकुनताई,

गेल्या पंधरवड्यात तू सहा वेळा फोन केलास आणि सहाही वेळा मी तो उचलला नाही. मी आजारी नाही, रुसलेही नाही. कारण एकदाच सांगते. पुन्हा विचारू नकोस.

फेब्रुवारीत विज्ञान दिनानिमित्त महाविद्यालयाने मला व्याख्यानास बोलावले होते. निवृत्तीनंतर प्रथमच. चौथ्या मिनिटाला खालची कवळी जागेवरून उठली आणि जिभेवर तरंगू लागली. वाक्य अर्ध्यावर सोडून मला रुमाल तोंडाशी धरावा लागला. पुढच्या रांगेतील मुले हसली. एकतीस वर्षे मी त्याच इमारतीत रसायनशास्त्र शिकवले. माझ्या तासाला मुले खोकण्यापूर्वीसुद्धा माझ्याकडे पाहत. त्या दिवसापासून मी खालची कवळी लावत नाही, आणि कवळीवाचून कोणाशी बोलत नाही. मोबाइलवरील तुटक संदेश हा लेखनप्रकार मला मान्य नसल्यामुळे पत्र लिहीत आहे.

नऊ वर्षांत तीन दंतवैद्यांनी तीन कवळ्या केल्या आणि तिन्ही टाकाऊ निघाल्या. तिसऱ्याने, कंटाळून का होईना, खरे सांगितले: दोष कवळीचा नाही, जबड्याचा आहे. दात गेले की त्यांना धरून ठेवणारे हाड झिजत जाते. क्ष-किरण चित्रात माझा खालचा जबडा पेन्सिलीहून जाड दिसत नाही. कवळीने बसावे कशावर?

म्हणून अकोल्यास तुझ्या दिरांच्या मुलीला, डॉ. प्रतीक्षाला, दाखवले. माझ्या उजव्या कमरेच्या हाडाचा तुकडा काढून ती जबड्यावर स्क्रूंनी बसवणार. पाच महिन्यांत तो जबड्याशी एकजीव झाला, की त्यात धातूच्या दोन खुंट्या, आणि त्या खुंट्यांवर टिचबटणासारखी पक्की बसणारी कवळी. बाजारात तयार हाडचूर्ण मिळते, पण ते मी नाकारले. उसने काही नको.

प्रतीक्षा तेहतीस वर्षांची आहे आणि तिचे अक्षर वाईट आहे. "मावशी, टेन्शन घेऊ नका," असे ती म्हणाली. मी टेन्शन घेतले नाही; तिची गुणपत्रिका लेखी मागितली आहे.

शस्त्रक्रिया २५ जूनला आहे. मला पुन्हा माझ्या आवाजात बोलायचे आहे, एवढेच.

रागिणी

*

अकोला
३ जून

चि. रागिणीले शकुनचा आशीर्वाद.

तुही चिठ्ठी पोचली. पोस्टमननं दोनदा इचारलं का तुमच्याच घरची हाये का म्हून. दहा वर्सात त्यानं आमच्या घरी बिलाशिवाय काई आणलं नोहोतं. यायनं चष्मा लावून जोरजोरानं वाचली. शेजारची गोदाबाई कुडावरून आयकत होती, थे म्हणे, "कोर्टाची नोटीस आली का व शकुन?" म्हटलं, नाई व माय, माही लहान बहीण हाये. मायेनं लिवते ते असंच लिवते.

मार्कशीट मागतली म्हणे तू पोट्टीची! काहून व? तिनं आमाले हासत हासत सांगतलं. "मोठीआई, झेरॉक्स देऊन देतो, वरून सही बी करतो." माह्यासारखी असती तं तुले गेटवरूनच वापस धाडलं असतं.

मले हाडाचं ते काई समजत नाई. पन कमरेचं तोंडात लावाचं हे आयकून यायले भल्लं हासू आलं. म्हणे, मेव्हणीबाई आता बोलतीन तं कंबर कसूनच बोलतीन. रागावू नको.

आपरेशन झाल्यावर माह्या घरी येजो. पंधरा दिवस राहाजो. पातळ भात करून घालीन. एकटी राजापेठेत पडून राह्यची काई गरज नाई.

पार्सल धाडून राहिली. कुरड्या हाये, मुगाचे पापड हाये. चावत नसतीन तं दुधात भिजवजो. अन् मंजनाची तुही काळी डबी. यंदा भाजली तं सारी गल्ली खोकली. मायच्या हातची चव काई येत नाई, पन जमली हाये.

शकुन

*

राजापेठ, अमरावती
८ जुलै २०२४

ती. शकुनताई,

शस्त्रक्रिया पार पडली. तीन रात्री रुग्णालयात काढल्या. तुझ्या घरी आले नाही याचा राग मानू नकोस. तुझ्या घरात नऊ माणसे आहेत आणि नऊही जणांना माझे तोंड उघडून पाहायचे असते.

तक्रारी लिहून ठेवते, म्हणजे मन रिकामे होईल. दाखल होताना बत्तीस प्रश्नांचा तक्ता भरून घेतात. त्यात कसलाही क्रम नाही. व्यसनांखाली गरोदरपण, गरोदरपणाखाली दमा, आणि सहासष्ट वर्षांच्या बाईला मासिक पाळीची तारीख! मी बत्तीसही उत्तरे स्वच्छ अक्षरात दिली. परिचारिका मला "आजी" म्हणत होती. मी पाटीवर लिहून तिला दाखवले की माझ्या नावामागे डॉक्टर आहे. "हो का, मग कोणत्या दवाखान्यात बसता?" असे तिने विचारले. पुढे लिहिण्यात अर्थ नव्हता.

जबडा सुजून गळ्याला लागला होता, तो उतरला. दुखते ती कंबर. हाड तोंडात घातले आणि पाय लुळा पडला. काठी घेऊन भिंतीभिंतीने स्नानगृहापर्यंत जाते. डाळीचे पाणी, ताक, पुन्हा डाळीचे पाणी. पाच महिने खालच्या जबड्यावर काहीही टेकवायचे नाही. नव्या हाडात रक्तवाहिन्या शिरायला वेळ लागतो, हे प्रतीक्षाने मला कागदावर चित्र काढून समजावले. मला! मी ऐकून घेतले. चित्र वाईट होते. आशय बरोबर होता.

टाके मात्र सारख्या अंतरावर आहेत. अकरा. मी आरशात मोजले. हे तिला सांगू नकोस.

घरी सोडताना तिने पुन्हा विचारले, "मावशी, तक्त्यात काही राहून गेलं असेल तर आत्ता सांगा, मी रागावणार नाही." रागावणार नाही! माझ्याहून तेहतीस वर्षांनी लहान मुलगी मला अभय देते. मी पाटीवर लिहिले, माझ्या उत्तरपत्रिकेत आजवर काही राहून गेलेले नाही.

पार्सल मिळाले. कुरड्या आणि पापड जमुनेला दिले. ती माझ्याकडे स्वयंपाकाला येते, तिचे दात शाबूत आहेत. डबी ठेवली आहे. पुढची लवकर पाठव, या दिवसांत ती लवकर सरते.

रागिणी

*

अकोला
१६ जुलै

चि. रागिणी,

आशीर्वाद. डबी धाडली. एक नाई, दोन धाडल्या. हिरडी ठणकत असंन तं मायच्या मंजनासारखं अवषध नाई. आपल्या शेंदूरजनाघाटच्या घरी माय काय करे? दात दुखला का बोट भरून लावे, अन् मंग संत्र्याच्या बागेत पाठवून दे. दुखनं तठीच राहून जाय.

प्रतीक्षा परवा आलती घरी. म्हणे, मावशीचं हाड मस्त बसलं. तिच्या डोक्टरसायेबानं सगळ्यायसमोर तिले शाब्बास म्हटलं. एवढं मोठं काम तिनं एकटीनं पहिल्यांदा केलं म्हणे. तिचा बाप तं पेढे वाटाच्याच बेतात होता, म्या थांबवलं. म्हटलं आधी रागिणी भाकर चावू दे.

पाय कसा हाये?

शकुन

*

राजापेठ, अमरावती
२४ ऑगस्ट २०२४

ती. शकुनताई,

पेढे वाटले नाहीत हे उत्तम झाले.

६ ऑगस्टला आरशात पाहताना हिरडीच्या शिवणीत तांदळाच्या कणीएवढे पांढरे काही दिसले. मला अन्नाचा कण वाटला. कापसाने पुसले, गेला नाही. ते हाड होते. हिरडी उसवून मागे सरकली होती आणि हाड उघडे पडले होते. त्यानंतर पंधरा दिवसांत पाच वेळा अकोल्यास गेले. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, आणि परत. प्रत्येक खड्डा कमरेने मोजला. प्रतीक्षाने जखम धुतली, हिरडी पुन्हा शिवली, औषधे बदलली. शिवण प्रत्येक वेळी सुटली. कणी वालाएवढी झाली. मग वास येऊ लागला.

२० तारखेस तिने तो तुकडा काढून टाकला. मी पाहण्यास मागितला. स्टीलच्या तबकात पडला होता: राखाडी, कडेला कुजलेला, दोन बारीक स्क्रूंसह. ज्या हाडासाठी मी दोन महिने काठीने चालले, ते मी स्वतःच्या डोळ्यांनी टोपलीत टाकलेले पाहिले. जबडा पूर्वीहून बारीक झाला आहे.

तबक बाजूला ठेवून तिने काय विचारले असेल? "मावशी, अजूनही काही सांगायचं राहिलंय का?" मी पाटीवर लिहून उत्तर दिले, कारण बोलण्याच्या अवस्थेत नव्हते: प्रश्न तुझ्या कामाबद्दल आहे, माझ्याबद्दल नाही.

ताई, मी आयुष्यभर नापास मुलांची कारणे ऐकली. प्रश्न कठीण होता, वेळ पुरला नाही, शेजाऱ्याने त्रास दिला. तिचा हा प्रश्न त्याच जातीचे कारण आहे. शस्त्रक्रिया तिने प्रथमच एकटीने केली, हे तुझ्याच पत्रातून मला समजले. रुग्णालयाने ते मला सांगितले नव्हते. मी रुग्णालयाच्या प्रमुखांकडे चार पृष्ठांची तक्रार रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. मुद्दे तीन: अनुभवाचा अभाव, शिवणीवर अवाजवी ताण, वरिष्ठांची देखरेख नसणे. ती तुझ्या दिरांची मुलगी आहे, हे मी विसरलेले नाही. परंतु नात्याने हाड जुळत नाही.

माझा आवाज गेला, ताई. आता तो कोण परत देणार?

रागिणी

*

अकोला
९ सप्टेंबर

रागिणी,

तुही चिठ्ठी यायनं वाचली नाई, म्या वाचली. दोन दिवस जेवन गेलं नाई. तुह्यासाठी बी अन् पोट्टीसाठी बी. तुले फोन केला, तू उचलला नाई.

चौकशी लागली हाये. ८ आक्टोबरले पाच डोक्टर बसतीन. तवालोग प्रतीक्षाले आपरेशन कराले मनाई हाये. येते, टेबलावर बसते, दुसऱ्यायच्या चिठ्ठ्या लिवते, घरी जाते.

आता माही गोष्ट आयक. माही दाढ सुजली. गेली तिच्याकडेच. म्हटलं तिलेबी वाटलं पाह्यजे का मोठीआईचा भरोसा हाये. तोंड उघडलं. आरसा घालून तिनं पाह्यलं अन् म्हणे, "मोठीआई, हे हिरडीले काळं कायचं?"

म्या म्हटलं, "मशेरी व. मंजन आमचं."

"तंबाखूची?"

"मंग कायची? तंबाकू तव्यावर जाळाची अन् कुटाची. आमची माय पार्बताबाई करे, तशीच मी करतो."

"कवापासून लावता?"

"पोट्ट्या होतो तवापासून. आमी दोघी बी. रागिणी तं माह्यापेक्षा जास्त, दिवसातून चार खेपा. डबी मीच धाडतो तिले."

रागिणी, म्या कौतुकानं सांगतलं व. म्हटलं एवढी शिकली पन मायचं सोडलं नाई तिनं.

पोट्टीनं आरसा तबकात ठुला. हातमोजे काढले. खुर्चीवर बसली. म्या इचारलं, काय झालं? म्हणे, "काई नाई मोठीआई. दुसऱ्या पेशंटचं मले तुमच्याशी बोलता येत नाई. तुमचं सांगतो. मशेरी आजपासून बंद करा. तंबाखूनं हिरडीतल्या बारीक नसा आवळतात, रक्त पोचत नाई, जखम भरत नाई." मंग उठली, हात धुतले, अन् माही दाढ काढली. हात जरासाबी कापला नाई तिचा.

मी आटोत बसल्यावर समजली. मी दहावी नापास हाये, पन समजली. नव्या हाडाले रक्त पाह्यजे होतं नं? अन् आपन त्याच्यावर दिवसातून चारदा मशेरी चोळली. मी धाडली, तू चोळली.

त्या कागदावर तुले इचारलं असंन. तू काय लिवलं?

मले ठाव नोहोतं. तू तं रसायनाची मास्तरीन हाये.

शकुन

*

राजापेठ, अमरावती
१२ सप्टेंबर २०२४

शकुनताई,

माझ्या तोंडात काय आहे, हे त्या मुलीसमोर ओतण्याचा अधिकार तुला कोणी दिला?

पहिले, चार वेळा नाही, तीन वेळा. दुसरे, एका बोटावर राहणाऱ्या पुडीत निकोटिनचे प्रमाण किती, याचा हिशोब तू मला शिकवू नकोस. मी तो केला आहे. तिसरे, मशेरी न लावणाऱ्यांचीही हाडे निकामी होतात. एका घटनेमागून दुसरी आली म्हणजे पहिलीच दुसरीचे कारण, असे मानणे हा अडाणीपणा आहे.

तू विचारतेस म्हणून सांगते. मी "नाही" लिहिले.

चौदाव्या वर्षी आईने दुखऱ्या दाढेवर बोट ठेवले, तेव्हापासून बावन्न वर्षे ही सवय आहे आणि ती तुझ्याखेरीज एकाही जिवंत माणसाला ठाऊक नव्हती. वसतिगृहात नाही, प्रयोगशाळेत नाही. विभागप्रमुख असताना टेबलाच्या खणात कुलपात डबी असे आणि त्याच टेबलासमोर मी मुलांचे खिसे उलटे करून घेत असे. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी सापडली, तर पालकांना तिवशाहून, वरुडहून बोलावून घेई. एका मुलाचे वर्ष मी त्यापायी बुडवले. त्या बाईने तेहतीस वर्षांच्या मुलीने पुढे केलेल्या तक्त्यावर, जिथे परिचारिका वाकून वाचत उभी आहे, "होय" लिहावे? सांग, लिहावे?

शस्त्रक्रियेनंतर सोडणार होते. पाच महिन्यांचाच प्रश्न होता. नाही सुटली. ठणका लागला की हात डबीकडे जाई, आणि लावली की ठणका थांबे.

हे पत्र फाडून टाक.

रागिणी

*

अकोला
१८ सप्टेंबर

रागिणी,

फाडली नाई. उतरंडीत ठुली. कोनी पाह्यत नाई तठी.

तुले लाज वाटली हे मले समजते. मलेबी गोदाबाईसमोर लाज वाटते, मी पदरामागं लावतो. पन माह्या लाजेपायी कोनाचा हात तं बांधला जात नाई.

पोट्टीले सारं ठाव हाये. त्या पाच जनायसमोर एक वाक्य बोलली तं सुटली. बोलून नाई राहिली. तिच्या बापानं इचारलं, अशी गप काहून बसली? म्हणे, पेशंटनं जे स्वतः सांगतलं नाई ते मी गावभर करनार नाई. काल चूल पेटवता पेटवता म्या तिले म्हटलं, मी जातो सांगाले. तं मले हात जोडले तिनं. "मोठीआई, तुमी नको. मावशी परत कोनत्याच डोक्टरकडे जानार नाई मंग." तू तिच्यावर चार पानं लिवली, अन् ते तुह्या पुढच्या दाताचा इचार करून राहिली.

मी बंद केली. नऊ दिवस झाले. डोकं भणभण करते. यायच्यावर खेकसतो, भांडे आपटतो, काल दूधवाल्याले उगाच शिव्या देल्या. पन तवा भंगारात देऊन देला. आता डबी येनार नाई तुले. दुकानातून आनशीन तं आन.

मी कोनाले सांगनार नाई. तूच सांगजो.

शकुन

*

राजापेठ, अमरावती
२३ सप्टेंबर २०२४

शकुनताई,

आज रुग्णालयप्रमुखांना पत्र पाठवून "वैयक्तिक कारणास्तव" माझी तक्रार मागे घेतली आहे. प्रतीक्षावरील बालंट टळले. कोणतेही स्पष्टीकरण देण्याची आवश्यकता उरलेली नाही. हा विषय येथे संपला, असे कृपया समजावे.

रागिणी

*

अकोला
२९ सप्टेंबर

रागिणी,

संपला नाई. वाईट झाला.

आता दवाखान्यात काय बोलतात आयक. म्हणे, पेशंट नात्यातली होती, घरच्या घरी दाबलं. पोट्टीच्या हातून चूक झालीच होती म्हून तं मावशीले पाय धरून चूप केलं. आधी अर्धे लोक तिच्या बाजूनं तं होते. आता जे ते तिच्याकडे पाहून कुजबुज करते. ८ तारखेची चौकशी होनारच हाये म्हणे, तक्रार असो का नसो. हाड काहून गेलं हे त्यायले लिवून ठेवाचं हाये.

तू सुटली. ते नाई सुटली.

एवढी हुशार, अन् अर्धीच माफी मागाले शिकली का व तू?

शकुन

*

राजापेठ, अमरावती
९ ऑक्टोबर २०२४

ती. शकुनताई,

तुझे पत्र वाचून मी दोन दिवस तुला मनात उत्तरे देत राहिले. एकही टिकले नाही. काल अकोल्यास गेले. तुझ्याकडे आले नाही. येण्याच्या स्थितीत नव्हते.

मी निवेदन लिहून नेले होते. दोन पृष्ठे, काळी शाई, मुद्देसूद. ते टेबलावर ठेवून परतायचे, असा बेत होता. समोर पाच डॉक्टर, बाजूला संगणकावर टंकलेखन करणारा कारकून, आणि भिंतीजवळ खुर्चीत प्रतीक्षा. प्रमुखांनी पाने चाळली आणि माझ्याकडे परत सरकवली. म्हणाले, "मॅडम, आधी तक्रार लेखी, मग माघार लेखी. आता हे तिसरं लेखी. आम्ही काय समजायचं? तुम्ही तोंडी सांगा, तेच नोंदवू."

खालच्या जबड्यात दात नाहीत, ताई. जीभ टेकवायला कड नाही. घरात भिंतींशीही मी बोलत नाही. मी पाने हातात घेतली आणि पहिले वाक्य वाचले. माझा मलाच आवाज ओळखू आला नाही. दंत्य व्यंजने फुसकन निघून जात होती. प्रमुखांनी मान पुढे केली. "परत सांगता का?"

मी पुन्हा वाचले. थुंकी उडाली, ती कागदावर पडली. एक तरुण डॉक्टर खाली पाहून पेनाचे टोपण फिरवू लागला. कारकुनाने हात थांबवले आणि विचारले, "सर, काय लिहू?"

तेव्हा प्रतीक्षा खुर्चीतून उठली. "सर, त्यांना म्हणायचंय की—" मी हात वर करून तिला थांबवले. ती बोलली असती, तर तिचेच वाक्य ठरले असते, आणि पुन्हा कोणीतरी म्हणाले असते की नात्यातल्यांनी मिळून रचले.

कागद बाजूला ठेवला. एकेक शब्द सुटा करून, प्रत्येकानंतर श्वास घेऊन सांगितले. मी मशेरी लावते. बावन्न वर्षे लावते. शस्त्रक्रियेनंतर रोज लावली. तक्त्यावर मी खोटे लिहिले. डॉक्टरांनी तीन वेळा विचारले. तिन्ही वेळा लपवले. चूक माझी. प्रत्येक वाक्यानंतर कारकुनाकडे पाहिले. त्याने मान हलवली की पुढे. इतका वेळ मला एका पानाला कधी लागला नव्हता. शेवटी प्रमुखांनी ते मोठ्याने वाचून दाखवले. एके ठिकाणी "कधी कधी" असे टंकले होते. मी ते "रोज" करून घेतले आणि सही केली.

बाहेर व्हरांड्यात प्रतीक्षा माझ्यामागून आली. आभार मानील, रडेल, निदान वाकून नमस्कार तरी करील, असे मला वाटले. यांपैकी तिने काहीच केले नाही. तिचा चेहरा रागाने लाल झाला होता.

"जून महिन्यात सांगितलं असतं मावशी, तर मी शस्त्रक्रिया पुढे ढकलली असती. तुमचं हाड वाचलं असतं."

मी मान हलवली.

"डावी कंबर शिल्लक आहे," ती म्हणाली. "सहा महिने मशेरी बंद. दर महिन्याला लघवीची तपासणी, तंबाखू त्यात सापडते. एकदाही सापडली तर मला फोनसुद्धा करू नका. नाही सापडली, तरी मी करीनच असं म्हणत नाहीये. एप्रिलमध्ये बघू."

एवढे बोलून ती आत गेली. तिला आतल्या रुग्णाकडे जायचे होते. शस्त्रक्रियेची मनाई उठली होती.

शेवटची डबी मी ३ तारखेस संडासात ओतली. हा सहावा दिवस आहे. अक्षर ओळीवर राहत नाही, म्हणून हे पत्र मी तिसऱ्यांदा उतरवून काढत आहे. जमुनेवर ओरडले, तिला माझे एक अक्षरही कळले नाही, म्हणून आणखी ओरडले. तुझा राग येतो. आईचा येतो. प्रतीक्षाचा येतो. मला तिच्याकडून "होय" किंवा "नाही" यांपैकी एक उत्तर हवे होते आणि तिने दिले ते "बघू".

वाटेत मूर्तिजापूरपर्यंत मी त्या मुलीला मनातल्या मनात उद्धट ठरवीत होते. मूर्तिजापूर गेल्यावर विचार केला, की तिच्या जागी मी असते तर काय केले असते.

मी एप्रिलसुद्धा दिला नसता.

रागिणी